मूकपटातलं समाजाचं आणि राजकारणाचं चित्रण तपासायचं कसं: प्रत हाती येण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

मूकपटांवरच्या टिपणांत दोन चुका हमखास सापडतात. पहिली म्हणजे निष्कर्ष आधी ठरतो ("यात स्त्रीला दुय्यम दाखवलंय", "यात छुपा स्वातंत्र्याचा संदेश आहे") आणि मग त्याला जुळणारी दोन-तीन दृश्यं शोधली जातात. दुसरी जास्त महागात पडते आणि कमी लक्षात येते. समोरच्या प्रतीत जे दिसतं ते सगळं दिग्दर्शकाच्या नावावर मांडलं जातं. शंभर वर्षांत त्या प्रतीला कात्री लागलेली असते, पाट्या (दृश्यांच्या मधे येणारा लिखित मजकूर) बदललेल्या असतात, रंग गेलेले असतात, वेग चुकलेला असतो. म्हणून खालच्या क्रमात पहिले दोन टप्पे फक्त प्रतीसाठी आहेत. ते कंटाळवाणे आहेत, पण ते गाळले तर पुढची सगळी मोजदाद पुन्हा करावी लागते.

## तयारी

साधनं थोडीच लागतात. एकेक फ्रेम पुढे सरकवता येईल असा प्लेअर हवा (व्हीएलसीत कीबोर्डवरचं 'ई' दाबलं की एक फ्रेम सरकते), एक स्प्रेडशीट हवी (पुढे 'पत्रक' म्हटलंय ते हेच), आणि शक्य असेल तर त्याच पटाची दुसरी एखादी प्रत हवी.

वेळेचा अंदाज मिनिटांवरून बांधू नका, शॉटवरून (शॉट म्हणजे मधे न कापता सलग चालणारा एक तुकडा) बांधा. एका शॉटची नीट नोंद करायला दोन ते तीन मिनिटं जातात. १९०५ च्या आसपासच्या दहा मिनिटांच्या पटात कधी डझनभरच शॉट असतात, त्यामुळे ते काम एका बैठकीत उरकतं. 'बॅटलशिप पोटेमकिन'सारख्या १९२५ च्या सोव्हिएत पटात (जहाजावरच्या खलाशांच्या बंडाची कथा) तेराशेहून अधिक शॉट आहेत, म्हणजे पन्नास-साठ तासांचं काम. एवढा वेळ नसेल तर सुरुवातीची दहा मिनिटं, शेवटची दहा मिनिटं आणि तुम्ही ज्या समाजगटाचं चित्रण तपासताय त्यातलं कोणीही दिसतं ते प्रत्येक दृश्य यांची पूर्ण नोंद करा. बाकीच्याची एका ओळीत. मात्र असं केल्याचं टिपणात लिहा.

प्रश्न एकच घ्या आणि तो "हो", "नाही" किंवा "किती" असं उत्तर देता येईल इतका नेमका करा. "शेतकऱ्यांचं चित्रण कसं आहे?" या प्रश्नाच्या मागे लागलं की पत्रकात काय भरायचं तेच कळत नाही. "कुळं स्वतःहून एखादा निर्णय घेताना दिसतात का, आणि त्या निर्णयाने कथा वळते का?" असा प्रश्न असेल तर प्रत्येक शॉटमध्ये काय पाहायचं ते आपोआप ठरतं.

## टप्पा १: हाती आलेली प्रत कोणती, ते ठरवा

मूकपटाची एकच अशी 'मूळ' प्रत बहुतेक वेळा नसतेच. देशातल्या आणि परदेशातल्या बाजारासाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह तयार करण्याची पद्धत होती. शेजारी दोन कॅमेरे ठेवून किंवा वेगवेगळे टेक (तेच दृश्य पुन्हा घेतलेलं चित्रण) वापरून त्या बनत. त्यामुळे दोन देशांत सापडलेल्या प्रतींत अभिनय आणि चौकट दोन्ही थोडी वेगळी असू शकते. त्यावर पुन्हा प्रत्येक ठिकाणच्या सेन्सॉरची कात्री.

पत्रकाच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: प्रत कोणत्या संग्रहातली, जीर्णोद्धार झाला असेल तर कोणत्या साली, किती रिळं उरली आहेत आणि कोणती गहाळ आहेत, पाट्या कोणत्या भाषेत, रंग आहे की नाही, आज चालतो तो कालावधी किती.

हे का लागतं, यासाठी आपल्याकडचंच उदाहरण पुरे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं आहे. त्यातही हे फुटेज १९१३ चं की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा "या पटात प्रजेला आवाजच नाही" असं विधान करणारा माणूस खरं तर दोन रिळांबद्दल बोलत असतो, आणि सालाबद्दलही त्याची खात्री नसते. विधान चुकीचंच असेल असं नाही, पण त्याचा आधार कुठे संपतो ते सांगायला हवं.

सावधान: फिल्मच्या कडेवर छापलेली कोडॅकची चिन्हं (वर्तुळ, चौकोन, त्रिकोण) फिल्म कधी बनली ते सांगतात. पट कधी चित्रित झाला ते सांगत नाहीत. ही चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा तीच येतात, शिवाय जुन्या निगेटिव्हवरची चिन्हं नव्या प्रतीवर उमटून येतात. फक्त त्यांच्या आधारावर साल ठरवू नका.

## टप्पा २: वेग, लांबी आणि रंग

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. त्यामुळे पट सेकंदाला १६ फ्रेमने चालवला तर एक फूट म्हणजे बरोबर एक सेकंद. हजार फुटांचं एक रीळ वेगवेगळ्या गतीला असं चालतं:

- १६ फ्रेम: १६ मिनिटं ४० सेकंद
- १८ फ्रेम: १४ मिनिटं ४९ सेकंद
- २० फ्रेम: १३ मिनिटं २० सेकंद
- २४ फ्रेम (बोलपटाची गती): ११ मिनिटं ७ सेकंद

सेन्सॉरच्या दाखल्यात किंवा जाहिरातीत लांबी फुटांत दिलेली असते. तिच्याशी आजच्या प्रतीचा कालावधी ताडून पाहा. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते आणि कालावधी ठिकठिकाणी '४० मिनिटं' असा छापलेला सापडतो. ३,७०० फुटांना ४१ मिनिटं लागतात ती २४ फ्रेमच्या गतीने. १६ फ्रेमने तोच पट जवळजवळ ६२ मिनिटांचा होतो. गतीचा हिशेब न करता फक्त मिनिटांची तुलना करणारा माणूस वीस मिनिटं कापल्याची ओरड करील किंवा कापलेलं त्याच्या लक्षातच येणार नाही.

चित्रणाशी याचा थेट संबंध आहे. वेग वाढला की अंत्ययात्रेची धावपळ होते, नोकर माकडचेष्टा करतोय असं वाटतं, जमाव बावचळलेला दिसतो. "गरिबांना हास्यास्पद दाखवलंय" असं लिहिण्याआधी हे तपासा.

तपासा: कोणी सरळ, निवांत चालत असेल असा शॉट शोधा आणि घड्याळ लावून पावलं मोजा. माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. १५० च्या वर मोजली गेली तर वेग चुकला आहे. २४ फ्रेमचा व्हिडिओ ०.७५ पटीने चालवला की १८ फ्रेमची गती मिळते, ०.६७ पटीने १६ ची. पण आधी फ्रेम एकेक सरकवून बघा. दर दोन-तीन फ्रेमनंतर तीच फ्रेम पुन्हा येत असेल तर प्रत बनवणाऱ्याने वेग आधीच दुरुस्त केला आहे, त्याला हात लावू नका. विनोदी पटांत वेग मुद्दाम वाढवलेला असे, तिथे ही मोजणी सगळ्या पात्रांवर करून तुलना करा.

आता रंग. १९२५ च्या आधीचे बहुतेक पट ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर आहेत. तिला लाल रंग जवळजवळ दिसत नाही आणि निळा जास्तच दिसतो. लाल कापड काळं पडतं, ओठ काळपट दिसतात, निळं आकाश कोरं पांढरं उमटतं, तांबूस त्वचा असते त्याहून गडद येते. नट तोंडाला जाड पांढरा लेप लावत त्याचं एक कारण हेच. म्हणून कातडीच्या छटेवरून वंश, जात किंवा वर्ग याबद्दल काही म्हणायचं असेल तर तशाच प्रकाशात, त्याच शॉटमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राशी तुलना करा. दोन वेगळ्या शॉटमधल्या छटांची तुलना नको.

टिंटिंगचाही (सगळ्या चौकटीला एकाच रंगाची झाक देण्याचा) असाच घोळ होतो. निळी झाक म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, लाल म्हणजे आग, असा साधारण संकेत होता. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हे सगळं जातं, दिवसा चित्रित केलेली रात्र दुपारच दिसते, आणि भर दुपारी चोरून भेटणारी बाई 'निर्लज्ज' वाटू लागते. 'पोटेमकिन'मधला जहाजावरचा झेंडा तर फिल्मवर हाताने लाल रंगवलेला होता, कारण लाल कापड काळं दिसलं असतं म्हणून चित्रीकरणाला पांढरं वापरलं होतं. रंग न भरलेली प्रत पाहणारा बंडखोरांच्या डोलकाठीवर पांढरं निशाण बघतो. राजकीय अर्थ तिथेच उलटा होतो.

## टप्पा ३: दोनदा पाहा, काही लिहू नका

दोन्ही वेळा आवाज बंद ठेवा. आज ऐकू येणारं संगीत जवळजवळ नेहमी नंतर जोडलेलं असतं आणि कोण दुष्ट, कोण बिचारा हे तेच आधी सांगून टाकतं.

## टप्पा ४: शॉटपत्रक भरा

पुढचं सगळं याच पत्रकावर उभं राहतं, त्यामुळे इथे सावकाश जा. रकाने एवढे पुरतात:

1. शॉट क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी सेकंदांत
2. अंतर: दूरचा, मध्यम, जवळचा
3. चौकटीत कोण कोण (दहापर्यंत नेमके मोजा, पुढे अंदाज)
4. कोण कुठे: पुढे, मागे, उभं, बसलेलं, जमिनीवर
5. कृती कोण सुरू करतं आणि ती कोणावर होते
6. कोण कोणाकडे बघतं
7. वेश आणि हातातल्या वस्तू
8. शंका

मत मांडायला रकाना नाही, ते मुद्दाम. "सावकार क्रूरपणे कागद हिसकावतो" अशी नोंद चुकीची. "सावकार उभा, कूळ जमिनीवर बसलेलं. सावकार उजव्या हाताने कागद घेतो. कूळ त्याच्या पायांकडे बघतं. ४ सेकंद" अशी नोंद बरोबर. 'क्रूर' हा शब्द शेवटच्या टप्प्यावर लिहिता येतो, आणि तेव्हा त्याला आधार असतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चौथ्या आणि सहाव्या रकान्याकडे. मूकपटात सत्ता संवादात नसते, ती कोण बसलंय, दारातून आत कोण येऊ शकतं, कोणाची पाठ कॅमेऱ्याकडे आहे यांत असते. उंबऱ्याबाहेर थांबणारं पात्र आणि आत येणारं पात्र यांची वेगळी खूण करा. गर्दीच्या शॉटमध्ये पहिल्या रांगेत कोण आहे तेही लिहा. जमावात स्त्रिया 'असणं' आणि त्या चौथ्या रांगेत असणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

तपासा: किमान वीस शॉट (किंवा एकूण शॉटच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते) दुसऱ्या कोणाकडून तुमचं पत्रक न दाखवता भरून घ्या. पाचांत एकाहून जास्त नोंदी जुळल्या नाहीत तर रकान्यांच्या व्याख्या ढिल्या आहेत. व्याख्या सुधारा आणि सुरुवातीपासून भरा. मधूनच व्याख्या बदलून पुढे जाणं ही नेहमीची पळवाट आहे आणि तिच्यामुळे पत्रकाचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत.

## टप्पा ५: पाट्या वेगळ्या काढा

पात्रांच्या तोंडची वाक्यं आणि निवेदकाची वाक्यं वेगवेगळ्या यादीत घ्या. मग बघा: कोणाला नाव आहे आणि कोण नुसता 'नोकर', 'म्हातारी', 'गावकरी' आहे, शुद्ध भाषा कोणाच्या तोंडी आणि अडाणी वळण कोणाच्या, निवेदक कोणाला विशेषण लावतो. निवेदकाचं विशेषण हा तुम्हाला मिळणारा सगळ्यात थेट पुरावा असतो, पण तो अस्सल असेल तरच.

पाट्या सर्वांत सहज बदलल्या जात. नव्या देशात पट गेला की नव्या भाषेत पाट्या, राजकारण फिरलं की नवा मजकूर. 'पोटेमकिन'च्या सुरुवातीची पाटी आधी रशियन क्रांतीतला नेता ट्रॉट्स्की याच्या शब्दांत होती. पुढे तो नकोसा झाल्यावर तिथे लेनिनचे शब्द आले. आजच्या जीर्णोद्धारित प्रतींत परभाषेतून उलट भाषांतर केलेल्या पाट्याही असतात, आणि निगेटिव्हवर उरलेल्या दोन-चार फ्रेम ताणून वाचण्याइतक्या लांब केलेल्या पाट्याही.

तपासा: पाटीची चौकट, अक्षरवळण आणि कंपनीचं चिन्ह सगळीकडे एकच आहे का? नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या पाट्यांवर आपलं चिन्ह छापत. पाथे या फ्रेंच कंपनीचा कोंबडा तर कधी सेटच्या भिंतीवरही असे. मधल्या तीन पाट्यांवरच चिन्ह नसेल तर त्या नंतरच्या धरा आणि त्यांच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

## टप्पा ६: मोजा, पण मोजणीला निकाल समजू नका

प्रत्येक गटासाठी काढा: पडद्यावरचे एकूण सेकंद, जवळचे शॉट, नाव असलेली पात्रं, बोलण्याच्या पाट्या, स्वतः सुरू केलेल्या कृती, आणि शेवटच्या दृश्यात ती कुठे आहेत. मग गटागटांची त्याच पटात तुलना करा.

इथे नेहमी होणारी चूक: १९०३ च्या पटात मजुराला एकही जवळचा शॉट नाही म्हणून तो 'चेहराहीन' ठरवणं. त्या काळात जवळचा शॉट मालकालाही क्वचितच मिळे. मालकाला पाच आणि मजुराला शून्य असेल तरच मुद्दा होतो. उलट बाजूची चूकही आहे, खलनायकाचे जवळचे शॉट सगळ्यात जास्त असू शकतात. सेकंदांपेक्षा 'कृती कोण सुरू करतं' हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. एखादं पात्र अर्धा पट पडद्यावर असूनही फक्त सोसत असतं.

जे दिसत नाही त्याचीही यादी करा, पण ती पटानेच उभ्या केलेल्या जगापुरती. शेती आहे आणि शेतात राबणारं कोणी नाही, वाडा आहे आणि पाणी भरणारं कोणी नाही, ही अनुपस्थिती मोजण्यासारखी. तुम्हाला हवं होतं पण कथेत ज्याला जागाच नाही, ते यादीत घालू नका.

## टप्पा ७: कोण कोणाची भूमिका करतं

पात्र आणि नट यांचे वेगळे रकाने करा. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. म्हणजे "तेव्हा बायका मिळतच नव्हत्या" हे वाक्य जसंच्या तसं चालत नाही. का मिळत नव्हत्या, कोणाला मिळाल्या, हे लिहावं लागतं.

पडद्यावरच्या नावावरून समाज ओळखू नका. सुलोचना म्हणजे बगदादी ज्यू कुटुंबातली रूबी मायर्स, सीतादेवी म्हणजे अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या अमेरिकी पटामध्ये महत्त्वाची कृष्णवर्णीय पात्रं चेहरा काळा केलेल्या गोऱ्या नटांनी केली. हे पात्रांच्या यादीवरून कळत नाही, नटांच्या यादीवरून कळतं. आणि मलयाळममधल्या 'विगतकुमारन'मध्ये पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले आणि तिला गाव सोडावं लागलं. तो पट आज उपलब्ध नाही. पटाचं चित्रण तपासता येत नाही, पण भूमिका कोणाला करू दिली जाते याचा पुरावा मात्र उरतो. या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात कालवू नका.

## टप्पा ८: पडद्याबाहेरचे कागद

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. अधिकार प्रांतवार होते, म्हणून एका प्रांताने पास केलेला पट दुसऱ्याने अडवला असं घडे. दाखले आणि बंदीचे हुकूम प्रांतवारच शोधा. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या १९२७-२८ च्या चौकशी समितीपुढच्या साक्षी छापील स्वरूपात आहेत. तेव्हाचे लोक पटांबद्दल काय म्हणत होते ते तिथे त्यांच्याच शब्दांत वाचता येतं.

रूपकाच्या बाबतीत विशेष सांभाळा. 'कीचकवध' नाटकात कर्झन ओळखणारा मराठी वाचक प्रत्येक पौराणिक पटात इंग्रज शोधू लागतो, आणि सापडतोच. तीन प्रकारचे पुरावे शोधा: पटातच काळाशी न जुळणारी खूण (वेश, वस्तू), पाट्यांत त्या दिवसांतल्या राजकारणाचा शब्द, आणि तेव्हाच्या कोणाची तरी तशी प्रतिक्रिया. १९२१ च्या 'भक्त विदुर'मध्ये विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी होती आणि मद्रास व कराचीत पटावर बंदी आली. दोन पुरावे झाले, तिथे ठामपणे बोलता येतं. एकच असेल तर 'शक्यता' हा शब्द वापरा. एकही नसेल तर ते तुमचं वाचन आहे, तसं म्हणून लिहा.

खेळ कसा दाखवला जाई तेही पाहा. जपानमध्ये बेन्शी आणि कोरियात ब्योन्सा पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगत, आणि पाटीवर नसलेलं बरंच काही बोलून जात. अशा प्रदेशातल्या पटाबद्दल "प्रेक्षकांना हे सांगितलं गेलं" असं फक्त पाट्या वाचून म्हणता येत नाही.

## टप्पा ९: तुलना करा, मग लिहा

त्याच वर्षाचे किंवा त्याच कंपनीचे तीन ते पाच पट काढून त्यांची फक्त सहाव्या टप्प्यातली मोजणी करा. तुमच्या पटातली गोष्ट सगळीकडे सापडली तर ती त्या काळची रूढी, फक्त इथेच सापडली तर या पटाची निवड. "तेव्हा सगळे तसंच करत" हे वाक्य या तुलनेशिवाय लिहू नका, आणि केलीत तरी तेव्हा कोणी विरोध केला होता का ते बघा. 'द बर्थ ऑफ अ नेशन'विरुद्ध एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकी संघटना १९१५ मध्येच रस्त्यावर उतरली होती. त्या पटाला 'काळाचं अपत्य' म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच काळातले लोक त्याला चूक म्हणत होते.

प्रत्येक विधान तीनपैकी एका खुणेने सुरू करा: 'या प्रतीत दिसतं की', 'तेव्हाच्या प्रेक्षकाला कळत असावं की', 'आज मला वाटतं की'. पहिल्या प्रकारच्या विधानापुढे शॉट क्रमांक हवाच, दुसऱ्यापुढे कागदाचा आधार. वाचायला हे खडबडीत लागतं. शेवटच्या खर्ड्यात खुणा काढायच्या असतील तर काढा, पण एखादं वाक्य तिन्हींपैकी कशातच बसलं नाही तर ते वाक्यच काढा.

शॉटपत्रक आणि पहिल्या पानावरची प्रतीची नोंद टिपणासोबत जोडून ठेवा. उद्या हरवलेलं रीळ कुठल्या तरी संग्रहात सापडलं, तर नेमक्या कोणत्या क्रमांकांपासून पुन्हा मोजायचं ते त्यावरूनच कळेल.